सातव्या मुक्कामानंतरचे अडतीस किलोमीटर

माणसाने निवृत्तीनंतर घरात बसावं, लोळावं, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचत यावं, बायकोच्या पायात पायात करावं. पण घरात चालू नये. हे मी अनुभवाने सांगतो आहे आणि मान खाली घालून सांगतो आहे, एवढं आधीच नोंदवून ठेवा.

मी वजनमापे निरीक्षक होतो. छत्तीस वर्षं मी लोकांचे तराजू तपासले. एका कापडवाल्याची मीटरपट्टी सव्वा सेंटिमीटर कमी निघाली म्हणून मी त्याला तीन वेळा कचेरीत बोलावलं होतं. भाजीवाल्यांनी वजनाच्या जागी ठेवलेले दगड तर मी गाडीभर जप्त केले असतील. ‘दगड म्हणजे माप नव्हे,’ हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं आहे, की झोपेतही मी तेच बडबडतो असं आमची ही सांगते. आमच्या इमारतीत मला सगळे ‘मापसाहेब’ म्हणतात. पूर्वी मला त्यात आदर ऐकू यायचा.

तर डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल बघून सांगितलं, ‘रोज पाच किलोमीटर चालायचं.’ मी दुसऱ्याच दिवशी नवे बूट घालून बाहेर पडलो. आमच्या रस्त्यावर त्या वेळी पाण्याचे नळ टाकायला चर खणला होता. मी अंदाजाने उडी मारली आणि कमरेपर्यंत आत गेलो. वर काढताना मजूर म्हणाला, ‘काका, विचारलं असतंत तर खोली सांगितली असती.’ छत्तीस वर्षं मापं घेतलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. बाहेर चालणं मी त्याच दिवशी सोडलं.

त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, न्हाणीघरात पाय घसरून पडला होता. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलंही. पण तो उठेना. वॉकर पलंगाशेजारी आणून ठेवला, तर त्यावर टॉवेल वाळत घालायला सांगितला म्हणे.

‘डॉक्टर स्पष्ट बोललेत भावजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘आणखी दोन महिने असेच पडून राहिले तर नंतर उठायचं म्हटलं तरी उठता यायचं नाही. मी सांगून थकले. म्हणतात, माझं चालणं झालं. माझा दगड वर पोचलाय, आता कुठे जायचंय मला?’

हा दगड काय, ते सांगायला हवं. तीस वर्षांपूर्वी दादा आणि मी एका डोंगरावरच्या देवस्थानाला पायी गेलो होतो. दोनशे बारा किलोमीटर, दहा मुक्काम. तिथली रीत अशी, की निघताना प्रत्येकाने आपल्या घरच्या अंगणातला एक दगड बरोबर घ्यायचा, सगळी वाट तो आपला आपण वाहायचा, आणि वर डोंगरमाथ्यावर दगडांचा जो ढीग आहे त्यात ठेवून द्यायचा. मनावर जे काही असेल ते त्याच्याबरोबर तिथेच राहतं, असं म्हणतात.

फोन झाल्यावर आमच्या हिने पाच मिनिटं विचार केला. ही विचार करायला लागली की मी सहसा घराबाहेर जातो, पण बाहेर चर होता.

‘अहो, तुम्हाला चालायचंच आहे ना? मग तीच पदयात्रा घरात करा. रोज पाच किलोमीटर इथे चाला आणि दादांना फोनवर सांगा, आज इथवर पोचलो. ऐकून ऐकून पाय शिवशिवतील त्यांचे.’

कल्पना उत्तम होती. हो म्हणताना मी एकदा बाल्कनीच्या दाराकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

कामाला मात्र मी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. निवृत्त होताना कचेरीने भेट दिलेली पोलादी टेप काढली. हिने एक टोक धरलं. बाहेरच्या खोलीतला सोफा, तिथून स्वयंपाकघराचा ओटा, मग पॅसेज, मग झोपायच्या खोलीतल्या कपाटाला वळसा, बाल्कनी, आणि परत सोफा. एक फेरी एकतीस मीटर चाळीस सेंटिमीटर. ही म्हणाली, ‘बत्तीस धरा की.’ मी तिच्याकडे नुसतं बघितलं. पाच किलोमीटरला एकशे साठ फेऱ्या. दहा फेऱ्या झाल्या की बाल्कनीतल्या दोरीवरचा कपड्यांचा एक चिमटा काढून खिडकीच्या गजाला लावायचा. सोळा चिमटे झाले की त्या दिवसाची वाट संपली. पहिल्या दिवशी त्यामुळे माझाच एक शर्ट खालच्या मजल्यावर उडाला, ही गोष्ट तेव्हा मी किरकोळ समजलो.

भिंतीवर मी नकाशा चिकटवला. पहिल्या मुक्कामाची धर्मशाळा, दुसऱ्या दिवसाचा मोडका पूल, जिथे दादाने माझी पिशवीही घेतली होती तो चढ, सगळं आठवून काढलं. सकाळी सहा ते साडेसात चालायचं आणि आठ वाजता दादाला फोन.

पहिले दोन दिवस तो नुसता ‘हं’ म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, ‘दादा, आज विहिरीपाशी पोचलो. डाव्या हाताला.’

‘डाव्या नाही, उजव्या.’

‘डाव्या, दादा.’

‘धाकट्या, तू तेव्हा उलटा तोंड करून बसला होतास, बुटातला खडा काढत. विहीर उजव्या हाताला होती.’

वहिनींनी नंतर सांगितलं, हे वाक्य बोलायला दादा कोपरावर उठला होता.

तिथून गाडी रुळावर आली. बाराव्या दिवशी तो उशीला टेकून बसला. चौथ्या मुक्कामाला पाय पलंगाखाली सोडून बसला आणि त्याने वॉकरवरचा टॉवेल काढायला लावला. वहिनी फोनवर रडल्या. मीही चष्मा पुसला. ही म्हणाली, ‘बघितलंत?’ ते मात्र तिने पुढचे चार दिवस म्हटलं.

आता, इमारतीत एखादा माणूस घरात पाच किलोमीटर चालतो ही गोष्ट झाकून राहत नाही. सल्ले सुरू झाले. समोरचे शेजारी म्हणाले, अनवाणी चाला. वरचे म्हणाले, अनवाणी मुळीच चालू नका. सतत उजवीकडेच वळल्याने मेंदू एका बाजूला सरकतो, असं औषधाच्या दुकानवाल्याने सांगितलं. मला चक्कर येऊ लागली होती, त्यामुळे मी ते निम्मं खरं मानलं आणि उलट्या दिशेने फेऱ्या मारायला लागलो. त्यावर जिन्यात परिसंवाद झाला. उलट फेरी म्हणजे परतीचा प्रवास नव्हे का? मग ती किलोमीटरमधून वजा करायची की मिळवायची? मी ठामपणे सांगितलं, अंतराला दिशा नसते. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गणित शिक्षक राहतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

‘मापसाहेब, तुम्ही सोफ्यापासून निघता आणि सोफ्यापाशीच थांबता. म्हणजे विस्थापन शून्य. शास्त्राप्रमाणे तुम्ही अजून निघालेलाच नाहीत.’

मी हसण्यावारी नेलं. पण ते वाक्य मनात रुतून बसलं, आणि का रुतलं ते मला ठाऊक होतं.

मग नोटीस आली. आमच्या बरोबर खालच्या घरात एक ताई राहतात. घरीच शिवणकाम करतात. त्यांच्या मशीनच्या बरोबर डोक्यावर मी रोज एकशे साठ वेळा जात होतो. त्यात माझा शर्ट त्यांच्या अंगावर पडला होता, तोही ओला. त्यांनी साधी तक्रार केली. सेक्रेटरींनी तिचं सरकारी भाषांतर केलं. ‘आपल्या निवासी सदनिकेत दररोज सकाळी सुमारे पाच किलोमीटरची वाहतूक होत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर वाहतुकीस समितीची पूर्वपरवानगी घेतल्याचे दिसून येत नाही.’

मी स्वतः आयुष्यभर अशाच नोटिसा लिहिल्या, पण आपल्या नावाची आली की अक्षरं वेगळीच दिसतात. मी अर्ज केला. विषय: घरातल्या घरात चालण्याबाबत. सेक्रेटरींनी अर्ज परत केला, कारण त्यात गंतव्यस्थान लिहिलं नव्हतं. मी देवस्थानाचं नाव लिहिलं. तो पुन्हा परत आला: ‘गंतव्यस्थान समितीच्या हद्दीबाहेर आहे.’ शेवटी गणित मास्तरांनी मध्यस्थी केली आणि ठरलं, की खालच्या ताईंचं ना-हरकत पत्र आणा.

ताई भल्या बाई. त्यांनी तोंडात टाचणी धरूनच माझं सगळं ऐकून घेतलं. दादाचं कळल्यावर टाचणी काढली.

‘अहो काका, मग आधी सांगायचं नाही का? चाला तुम्ही खुशाल. फक्त सहा ते साडेसात, आणि पायात जाड मोजे घाला. सेक्रेटरी म्हणतात वेळेची नोंद ठेवायला लागेल, तर ठेवीन मी. माझी मापांची वही आहेच.’

‘अवश्य ठेवा,’ मी म्हणालो. वर असंही म्हणालो, की नोंद ठेवणारा माणूस मला मनापासून आवडतो. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

असे पस्तीस दिवस झाले आणि मी सातव्या मुक्कामाला पोचलो. एकशे चौऱ्याहत्तर किलोमीटर.

इथवर मी प्रामाणिक होतो. तेव्हाही, आताही.

तीस वर्षांपूर्वी सातव्या मुक्कामावर दादाचा पाय सुजला. टाचेच्या फोडात पू झाला होता, पाऊल जमिनीला लागेना. गावातल्या कंपाउंडरने सांगितलं, हा माणूस आता बैलगाडीतूनसुद्धा जाणार नाही. दादाने पिशवीतून आपला दगड काढला. आमच्या अंगणाच्या पायरीचा कपचा होता तो, मधून पांढरी रेघ गेलेला, त्याने स्वतः छिन्नीने काढलेला. माझ्या हातात ठेवून म्हणाला, ‘तू जा. माझ्यासाठी थांबू नकोस. माझाही घेऊन जा आणि वर ठेव.’ त्या वर्षी त्याचं पहिलं मूल गेलं होतं. त्या दगडाबरोबर काय वर ठेवायचं होतं, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी निघालो. गावाबाहेर दुधाचा टँकर उभा होता. ड्रायव्हर म्हणाला, ‘डोंगराच्या पायथ्याला चाललोय, येताय?’ माझे पाय दुखत होते. एकटं चालायचा कंटाळा आला होता. याहून मोठं कारण मला तीस वर्षं शोधूनही सापडलेलं नाही. मी चढलो आणि अडतीस किलोमीटर झोपून काढले.

पायथ्याला उतरलो. वर अकराशे पायऱ्या. मी समोरच्या चहाच्या दुकानात बसलो आणि सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत त्या पायऱ्यांकडे बघत राहिलो. वर जायची लाज वाटली. टँकरमधून आलेल्याने कोणत्या तोंडाने वर जायचं? माझा दगड मी पहिल्या पायरीवर ठेवला, म्हटलं नेईल कुणीतरी. दादाचा ठेववेना. तो विश्वासाने दिलेला होता. म्हणून तो परत घेऊन आलो. माझ्या त्या दिवसातला तेवढाच प्रामाणिकपणा, आणि नेमका तोच चोरीचा मुद्देमाल.

चालून आल्याचं खरं वाटावं म्हणून चार दिवस पायथ्याशीच काढून सातव्या मुक्कामावर परतलो, तेव्हा दादा ओसरीवर बसला होता. ‘ठेवलास?’ त्याने विचारलं. ‘ठेवला,’ मी म्हणालो. त्याने सगळ्यांसमोर मला मिठी मारली. पुढे लग्नात, बारशात, माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा त्याने ही गोष्ट लोकांना सांगितली: ‘माझा धाकटा भाऊ दोघांचं ओझं घेऊन वर गेला.’ निवृत्तीच्या समारंभात तर टाळ्या पडल्या. मी हार घालून बसलो होतो.

आणि दगड? तो माझ्या पिशवीत होता, मग माळ्यावर, मग या घरात आल्यावर एकदा हिला सापडला. बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटायचं. तिने तो दाराला लावला. मी काय सांगणार होतो? लोकांचे गाडीभर दगड जप्त करणाऱ्याच्या घरात हा एक दगड गेली एकोणीस वर्षं राजरोस काम करत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात तसं.

तर छत्तिसाव्या दिवशी सकाळी मी फेऱ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या फेरीला थबकलो. आज दादाला सांगायचं काय? पुढची वाट मी पाहिलेलीच नव्हती. मी सोफ्यावर बसलो, कागद घेतला आणि वाट रचायला लागलो. आधी एक ओढा काढला. ओढ्यावर लाकडी साकव टाकला. मग एक माणूस उभा केला, पांढऱ्या घोड्यावर पाण्याच्या पखाली लादलेला. साडेसात वाजले तेव्हा घोडा छान जमला होता आणि फेऱ्या तीन झाल्या होत्या. सोळाच्या सोळा चिमटे मी हातानेच दोरीवरून गजावर नेले.

‘पांढरा घोडा?’ दादा फोनवर म्हणाला. ‘तेव्हा सांगितलं नव्हतंस कधी.’

‘आता आठवला.’

‘सांग, सावकाश सांग. हा भाग मी पाहिलेला नाही रे.’

आठ दिवस मी बसून होतो. दुसऱ्या दिवशी फुलपाखरांनी भरलेली खिंड झाली, तिसऱ्या दिवशी आंधळ्या बाईने दाखवलेली पायवाट. लाज वाटत होती, पण खोटं सांगायचं नाही, रचताना मजाही येत होती. दादा डोळे मिटून ऐकायचा म्हणे. फक्त पाचव्या दिवशी वहिनी हळूच म्हणाल्या, ‘भावजी, तुम्ही फारच छान सांगता. इतकं छान, की हे आता नुसते पडूनच ऐकतात. पाय खाली सोडणं बंद केलंय. म्हणतात, दगड वर आहेच, आपण ऐकत ऐकत पोचू.’

त्या दिवशी मला नीट जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशीचं जंगल मी रचलंच.

शेवटच्या दिवशी हिने सगळ्या इमारतीला बोलावलं. शेवटची फेरी सगळ्यांनी माझ्याबरोबर मारायची, अशी तिची कल्पना. सेक्रेटरी फुलं घेऊन आले. गणित मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले. समोरचे बूट घालून आणि वरचे अनवाणी आले. हिने चहा-बिस्किटं मांडली. फोन कपाटाला टेकवून ठेवला. त्यात दादा दिसत होता, दोन उशांवर, नवा सदरा घातलेला, आणि त्याच्या खांद्यामागे वहिनी.

मी सोफ्यावरून उठणार, इतक्यात खालच्या ताई आल्या. हातात वही, चेहरा काळजीचा.

‘काका, बरं वाटतंय ना आता?’

‘मला काय झालंय?’

‘नाही म्हणजे, गेले आठ दिवस वर अगदी सामसूम. सुरुवातीला चार-दोन पावलं, की गप्प. मी आपली वहीत लिहितेय: आज तीन फेऱ्या, आज दोन, आज एकही नाही. मला वाटलं काका आजारी पडले की काय. म्हटलं विचारून यावं.’

त्या बाईंच्या बोलण्यात कपट औषधाला नव्हतं. ते असतं तर मला भांडता आलं असतं. गणित मास्तरांनी वही घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि ओठ हलवत बेरीज केली. ‘अडतीस किलोमीटरपैकी झाले चारशे मीटरसुद्धा नाहीत,’ ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. मास्तरही सज्जन.

‘अहो, हे काय?’ ही म्हणाली.

फोनमधून दादाचा आवाज आला. ‘धाकट्या, ताई काय म्हणतायत?’

‘मी चाललो नाही दादा. आठ दिवस बसून होतो.’

‘बरं. पाय दुखले असतील.’ तो उशीवरून थोडा वर सरकला. ‘पण मग तो घोडा?’

‘घोडा नव्हता.’

‘आणि खिंड?’

‘ठाऊक नाही. असेल. मी पाहिली नाही.’

‘आत्ता पाहिली नाहीस, ते कळलं मला,’ दादा सावकाश म्हणाला. ‘तेव्हा तर पाहिली असशील?’

खोलीतली चौदा माणसं माझ्याकडे बघत होती. मला ‘हो’ म्हणता आलं असतं. तीस वर्षं जमलं होतं, आणखी एकदा जमलं असतं. तो ऐकत ऐकत वर पोचला असता आणि मग त्या पलंगावरून कधीच उठला नसता. मी बाल्कनीकडे गेलो, वाकलो, दगड उचलला आणि फोनसमोर धरला. मागे दार धाडकन आपटलं. सेक्रेटरी दचकले, त्यांच्या हातातली फुलं चहात पडली.

दादाने फोन डोळ्यांजवळ घेतला असावा, कारण मला नुसतं त्याचं कपाळ दिसत होतं.

‘पांढरी रेघ,’ तो म्हणाला.

‘टँकरमधून गेलो होतो दादा. वर चढलोच नाही.’

‘मग हा इतकी वर्षं कुठे होता?’

‘बाल्कनीच्या दाराला.’

फोन बंद झाला. लोक चपला शोधत एकेक करून गेले. खालच्या ताई मात्र दारात उभ्या राहून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘मला मेलीला काय ठाऊक हो.’ शेवटी हिनेच त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं. परत येऊन तिने बशा उचलल्या, टेबल पुसलं, आणि मग म्हणाली, ‘एकोणीस वर्षं मी त्याला लाथेने सरकवत होते. सांगायचं तरी होतंत.’ ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवस दादाचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींचा आला.

‘भावजी, काय केलंत हो तुम्ही!’ त्या म्हणाल्या. ‘दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होते. आज सकाळी म्हणाले, वॉकर आण. मी म्हटलं टॉवेल वाळत घालायचाय का? तर माझ्यावर खेकसले! म्हणाले, दगड वर नाहीये, तो अजून दाराशी पडलाय. उठले, भावजी. पलंगाला धरून उठले. तुम्हाला बोलावलंय. दगड घेऊन या म्हणालेत. टँकरने येऊ नको, असंही सांगायला सांगितलंय.’

मी बसने गेलो. दगड मांडीवर धरून बसलो होतो. बरोबर पोलादी टेप घेतली होती, का ते मला सांगता येणार नाही, सवय असेल. दादाच्या घरात शिरलो तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता. इतका वाळला होता, की मी आधी वहिनींकडेच बघितलं. मी त्याच्या पायाशी वाकलो.

‘पुरे,’ तो म्हणाला. ‘आण तो.’

दगड त्याने दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याने रेघेवरची धूळ पुसली. बराच वेळ पुसत राहिला. मग वहिनींनी वॉकरला पुढे एक कापडी पिशवी बांधली होती तिच्यात ठेवला.

‘सातव्या मुक्कामापासून,’ दादा म्हणाला. ‘अडतीस किलोमीटर बाकी आहेत. मी इथे चालणार, तू तुझ्या घरी. मी जितकी पावलं टाकीन तितकीच तू टाकायची. एक जास्त नाही. पुढे जायचं नाही या वेळी.’

‘नाही जाणार.’

‘आज तू माझ्या मागून चल.’

तो उठला. वहिनी हात पुढे करत होत्या, त्याने मानेनेच नको म्हटलं. वॉकर पुढे, एक पाऊल, दुसरं पाऊल, श्वास. पिशवीतला दगड वॉकरच्या दांडीवर आपटून टक टक वाजत होता. मी मागून तितकीच छोटी पावलं टाकत होतो. पलंगापासून दारापर्यंत चौदा पावलं झाली. दारापाशी वहिनींनी खुर्ची ठेवली होती, तीत तो बसला. घामाने सदरा ओला झाला होता.

माझ्या डोक्यात नको असताना हिशोब झाला होता. या गतीने अडतीस किलोमीटरला पंचवीस वर्षं. दादा तेव्हा एकशे एक वर्षांचा असेल, मी त्र्याण्णव. डॉक्टरांनी मला रोज पाच किलोमीटर सांगितलेत आणि मी रोज चौदा पावलं चालणार, हे त्यांना कसं समजावायचं, तेही ठरवायचं होतं.

‘किती झालं?’ दादाने विचारलं.

मी टेप काढली. वहिनींनी पलंगाकडचं टोक धरलं.

‘चार मीटर वीस सेंटिमीटर.’

त्याने माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत प्रथमच कुणीतरी माझ्या मापाकडे तसं बघत होतं, जसं मी लोकांच्या तराजूकडे बघायचो. मला ते रास्तच वाटलं.

‘परत मोज.’

मी गुडघे टेकले, फरशीवर ओणवा झालो, चष्मा काढून आकडा जवळून बघितला. टेप पलंगाच्या पायाजवळ किंचित वाकली होती. मी ती सरळ केली.

‘अठरा,’ मी म्हणालो. ‘चार मीटर अठरा. दोन सेंटिमीटर कमी भरतायत, दादा.’

दादाने मान डोलावली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन तो उठला, वॉकर धरला, आणि पंधरावं पाऊल टाकलं.